मदत हवी आहे: मराठवाड्यात भुईमूग कधी रुजला?

बाहेरून आलेल्या पिकांनी मराठवाड्याचा आहार कसा बदलला, यावर लेख लिहीत असून भुईमुगापाशी अडलो आहे. लातूर-धाराशिवकडे येळवशीच्या (वेळा अमावस्या या शेतीच्या सणाच्या) भज्जीत, म्हणजे मिश्र भाजीत, तूर-हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांसोबत शेंगदाणे आणि हिरवी मिरची हमखास पडते. तूर-हरभरा इथला जुनाच, पण उरलेली दोन्ही पिके मूळची अमेरिका खंडातील. मिरची पोर्तुगीजांमार्फत आली, एवढे स्पष्ट आहे. भुईमूग कधी आणि कशासाठी स्वीकारला गेला हे तसे स्पष्ट नाही, कारण तेलासाठी करडई, तीळ, जवस, कारळे आधीपासून होतेच.

औरंगाबाद जिल्ह्याचे 1884 चे आणि हैदराबाद संस्थानाचे 1909 चे गॅझेटियर पाहिले, मात्र गावपातळीचा तपशील हाती लागला नाही. निजामकाळातील बरेच महसुली कागद उर्दूत आहेत आणि मला उर्दू येत नाही. मोडी वाचता येते. ‘आजोबांच्या काळापासून पेरतात’ अशा आठवणी पुष्कळ मिळाल्या, परंतु त्यांवर लेख उभा राहत नाही.

तेव्हा आपल्याकडील कुलकर्णी-पाटील दप्तरात किंवा आडतीच्या जुन्या वह्यांत 1948 पूर्वीचा भुईमुगाचा पेरा अथवा शेंगांचा भाव नोंदलेला आहे का, आणि असल्यास सर्वांत जुनी नोंद कोणत्या गावची व कोणत्या (फसली, म्हणजे निजामकाळातील महसुली सनाचे, असले तरी चालेल) सालची आहे?