मदत हवी आहे: सिडनीत पोर्तुगीज ग्रिल्ड चिकनच्या साखळीचं चालू दुकान घ्यावं का?

नमस्कार मंडळी,

आम्ही सिडनीच्या पश्चिम भागात, वेंटवर्थविलजवळ राहतो. माझा नवरा नऊ वर्षं पोर्तुगीज पद्धतीच्या ग्रिल्ड चिकनच्या एका साखळीत काम करतोय. विद्यार्थी असताना ग्रिलवर उभा राहिला, आता मॅनेजर आहे. त्याच साखळीचं एक चालू दुकान विकायला निघालंय. चालवणारं जोडपं साठीच्या पुढचं आहे, दोघंही थकलेत. मागणी ३ लाख ४० हजार डॉलरची आहे. नवऱ्याने मनाने ते कधीच घेऊन टाकलंय आणि मला गेले तीन आठवडे धड झोप नाही. साखळीचं नाव देत नाही, कारण बोलणी चालू आहेत.

आमची शिल्लक १ लाख १० हजार डॉलर. बँक थोडं देईल. उरलेल्यासाठी सासरे तासगावची द्राक्षबाग विकायला तयार झालेत. परवा फोनवर म्हणाले, "बाग काय, पोरासाठीच लावली होती." तेव्हापासून माझा जीव जास्तच टांगणीला लागलाय. ती बाग त्यांनी स्वतः खड्डे खणून लावलेली आहे.

नवऱ्याच्या कामाबद्दल मला शंका नाही. कोंबडीचा कणा काढून ती चपटी करायची, लिंबू-लसूण-तेल आणि पिरी-पिरी मिरचीत मुरवायची, मग जाळावर उलटसुलट करत भाजायची, हे त्याच्या हातात बसलंय. हाडाजवळ शिजलंय की नाही ते रंगावरून ओळखतो, तरी तापमापकाचा काटा खुपसून ७५ अंश बघितल्याशिवाय देत नाही. आम्ही गोव्यात चिकन काफ्रियाल खाल्लं तेव्हा म्हणाला, ही तर आमच्या चिकनची मावसबहीण! खरंच आहे ते. पोर्तुगीजांनी अमेरिकेतली मिरची आफ्रिकेत नेली, मोझांबिकमध्ये ती कोंबडीला लागली आणि तिथूनच काफ्रियाल गोव्यात आलं असं मानतात.

हा पदार्थ इथे चालतो हेही दिसतंय. ऑपोर्टो या अशाच चिकनच्या साखळीची सुरुवात १९८६ मध्ये सिडनीतल्या नॉर्थ बाँडायच्या एका दुकानातून झाली. दुसरी साखळी नँडोज, ती १९८७ मध्ये जोहान्सबर्गच्या रोझेटेनव्हिलमध्ये निघाली. मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर तिथून निघालेली पुष्कळ पोर्तुगीज कुटुंबं जोहान्सबर्गला आली होती. दोन्ही साखळ्या इतकी वर्षं टिकल्यात, म्हणजे लोकांना हे खायला आवडतं. माझी भीती दुकानाच्या हिशेबाची आहे.

मालकांनी दाखवलेले आकडे असे: वर्षाची विक्री १२ लाख डॉलर, नफा दीड लाख. साखळीच्या कंपनीला विक्रीवर ६ टक्के रॉयल्टी (तिचं नाव वापरण्याचा मोबदला) आणि ४ टक्के जाहिरात निधी, हे कापूनच नफा धरलाय म्हणतात. गाळ्याच्या भाड्याची मुदत अडीच वर्षं उरलीय. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते आणि ती सोडणार नाही, मुलगी अजून सहा वर्षांची आहे.

दीड लाख नफा असेल तर ही किंमत बरी आहे का? यात आम्हाला न दिसणारं काय आहे? कुणी इथे किंवा मेलबर्नला फ्रँचायझी घेतली असेल तर कृपया मोकळेपणाने लिहा. कडू असलं तरी चालेल.

रानवारा:
ताई, मी मेलबर्नला सहा वर्षं एका सँडविच साखळीचं दुकान चालवलं. पहिला प्रश्न: ते जोडपं स्वतः किती तास राबतं, आणि त्याचा पगार हिशेबात धरलाय का?

धागाकर्ती:
दोघंही आठवड्याला साठ तास तरी असतात. सकाळी चिकन येतं तेव्हापासून रात्री ग्रिल घासेपर्यंत. पगार धरलेला नाही.

रानवारा:
मग तो दीड लाख नफा नाही, त्यांची मजुरी आहे. तुम्ही नोकरी सोडणार नाही, म्हणजे काकूंचे साठ तास कुणाला तरी पगारावर द्यावे लागतील. वर्षाचे ५० आठवडे धरले तर ३,००० तास. तासाला ३० डॉलरने ९० हजार, वर १२ टक्के सुपर, म्हणजे मालकाने भरायचा निवृत्ती निधी. झाले लाखाच्या वर. शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांचे वाढीव दर अजून धरलेले नाहीत. उरले पन्नास हजारांच्या आत. त्यातून बँकेचा हप्ता जाणार आणि तुमचा नवरा आठवड्याला साठ तास उभा राहणार. आज मॅनेजर म्हणून त्याला किती मिळतात ते शेजारी लिहून बघा.

आणि रॉयल्टी नफ्यावर नसते, विक्रीवर असते. महिना तोट्यात गेला तरी ती द्यावीच लागते.

काळीमिरी:
मी ग्रिलवर काम केलंय म्हणून लिहितो. बर्गर गिऱ्हाईक आल्यावर बनतो. अख्खी कोंबडी ऑर्डर आल्यावर भाजायला घेतली तर माणूस निघून जाईल. म्हणजे संध्याकाळी सहाची गर्दी पाच वाजताच ओळखायची. पाऊस पडला की अंदाज चुकतो आणि रात्री उरलेलं फेकावं लागतं. ते फेकलेलं चिकन कुठल्याही विक्रीच्या आकड्यात दिसत नाही, पुरवठादाराच्या बिलात दिसतं. वर्षभरात किती कोंबड्या विकत घेतल्या आणि किती विकल्या, हे दोन आकडे मागा. शिवाय विक्रीतला किती भाग घरपोच अ‍ॅपमधून येतो तेही विचारा. त्यात अ‍ॅपचा वाटा मोठा असतो, आणि रॉयल्टी अ‍ॅपचा वाटा वजा करून लागते की पूर्ण बिलावर, हे करारात शोधा.

चिंचोका:
इतकं येतं तर स्वतःचं दुकान का नको? सिडनीतल्याच पीटरशॅमला जाऊन या. तिथे कोळशावरच्या पोर्तुगीज चिकनसाठी लोक रांगा लावतात, आणि ती सगळीच साखळीची दुकानं नाहीत.

धागाकर्ती:
हे मीही सुचवलं होतं. त्याचं म्हणणं, नवीन दुकानात पहिलं वर्ष गिऱ्हाईक येण्याची वाट बघण्यात जाईल, आणि बाबांच्या बागेचे पैसे घेऊन वाट बघण्याची त्याची हिंमत नाही. मला पटलं ते.

दस्तऐवज:
कायद्याचं थोडं. ऑस्ट्रेलियाच्या फ्रँचायझी कोडनुसार (साखळीची कंपनी आणि दुकानदार यांच्यातल्या व्यवहाराचे नियम) सही करण्याच्या किंवा परत न मिळणारे पैसे देण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीने माहितीपत्रक आणि करार हातात द्यायला हवा. नवीन करारात सहीनंतर १४ दिवसांत माघारही घेता येते. तुमचं चालू दुकानाचं हस्तांतर आहे, त्यामुळे माघारीची मुदत कधीपासून मोजायची हे वकिलाकडून लेखी घ्या. त्या माहितीपत्रकात आताच्या आणि सोडून गेलेल्या दुकानदारांची माहिती असते. सोडून गेलेल्यांना आधी फोन करा, ते मन मोकळं करतात.

मला सर्वात खुपतं ते भाडं. अडीच वर्षांनी गाळा गेला तर ३ लाख ४० हजारांत तुम्ही नक्की काय विकत घेतलं? भाडेकरार कुणाच्या नावावर आहे, कंपनीच्या की दुकानदाराच्या? आणि दुकानाचं नूतनीकरण कधी करायचं ठरलंय? तो खर्च नव्या मालकाच्या गळ्यात पडतो.

बागेचे पैसे आणायचे असतील तर: भारतातल्या रहिवाशाला एका आर्थिक वर्षात २ लाख ५० हजार अमेरिकी डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, मुलाला भेट म्हणूनही. १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा कर) आधी कापते. सासऱ्यांच्या विवरणपत्रात तो वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात.

धागाकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. रानवारा, तुमचा हिशेब मी कागदावर मांडून काल रात्री नवऱ्यापुढे ठेवला. बराच वेळ बोलला नाही. मग स्वतःच पेन घेऊन रविवारचे वाढीव दर त्यात घातले. आकडा अजून खाली गेला.

आज त्याने मालकांकडे तीन वर्षांची जीएसटीची विवरणं, पगारपत्रकं आणि चिकनची बिलं मागितलीत. काकू म्हणाल्या देते, काका गप्प होते. भाडेकरार कंपनीच्या नावावर आहे असं कळलं. येत्या मंगळवारी आणि शनिवारी तो संध्याकाळी दुकानासमोर गाडीत बसून किती पिशव्या बाहेर पडतात ते मोजणार आहे. बाबांना मी सांगितलं, बागेचा विषय कुणाकडे काढू नका, यंदाची छाटणी नेहमीसारखी करून घ्या.

आता एकच मदत हवी आहे: पश्चिम सिडनीत फ्रँचायझीचे करार नेहमी वाचणारा वकील आणि खाण्याच्या दुकानांचे हिशेब बघणारा अकाउंटंट कुणाच्या माहितीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. विकणाऱ्यांनी सुचवलेला नकोय.