मदत हवी आहे: ही गांधीलमाशी स्कोलिया की कॅम्पसोमेरिएला?

नमस्कार मंडळी, उसाच्या बांधावर तुळशीच्या मंजिऱ्यांवर काळ्या केसाळ गांधीलमाश्या सकाळी ऊन आलं की घोंघावतात. काही जमिनीलगत इंग्रजी आठ काढत फिरतात, म्हणजे खाली हुमणी (मातीतली भुंग्याची अळी) शोधत असाव्यात. स्कोलिडी हे गांधीलमाश्यांचं कुटुंब एवढं पक्कं वाटतंय कारण पंखाच्या टोकाकडे अगदी बारीक उभ्या सुरकुत्या आहेत, आणि छातीखाली मधल्या-मागच्या पायांच्या मुळांना झाकणारी चपटी पाटी पण दिसते. पुढं मात्र त्यातल्या स्कोलिया आणि कॅम्पसोमेरिएला या दोन वंशांत (जीनस) अडलोय.

मी जे वाचलंय त्यात स्कोलियाच्या पुढच्या पंखात एकच रिकरंट शीर (पंखातली एक छोटी आडवी शीर) असते आणि कॅम्पसोमेरिस गटात, ज्यात कॅम्पसोमेरिएला येते, दोन. दहापटीच्या भिंगातून बघितलं तर दुसरी शीर अर्धवट पुसट दिसते, आता ती मोजायची की सोडायची? सबमार्जिनल खाने (पंखाच्या पुढच्या कडेजवळ शिरांनी आखलेले कप्पे) दोन आहेत, पण स्कोलियातच काहींना दोन काहींना तीन असतात म्हणे, मग त्यावर काय भरवसा ठेवायचा!

दुसरा घोळ नर-मादीचा. एक सडपातळ, लांब मिशांची, पोटावर पिवळे पट्टे, शेवटी तीन काटे. मिशांचे भाग १३ भरले म्हणजे नर ना? जाड मादीच्या आखूड मिशांचे १२ आले. पण रंग इतके वेगळे की दोन्ही एकाच जातीचे हे मला पटेना. रंग बाजूला ठेवून जोडी कशी लावायची? पंखाचा फोटो कुठल्या कोनातून घेऊ तेही सांगा, पुढच्या वेळी नीट काढतो.