वर्गात तंत्रज्ञान आलं, तुमच्या शिकवण्यात काय बदललं?

शिक्षक मंडळी, हा धागा तुमच्यासाठी. वर्गात प्रोजेक्टर आला, टॅब आले, स्मार्टबोर्ड भिंतीवर चढला, याचं कौतुक पुष्कळ झालं. कोणतं ॲप चांगलं याच्या याद्याही ढिगाने मिळतात. त्या इथे नकोत. मला ऐकायचंय ते वेगळं: ही साधनं शिकता शिकता शिक्षक म्हणून तुमच्यात काय फरक पडला? कोणता पाठ आता निराळा घेता? कशाचा नाद सोडून दिलात? एकच पाठ घ्या, पण नीट उलगडून सांगा. विषय आणि इयत्ता लिहा. शाळेचं नाव नको, मुलांची नावं तर नकोतच. सुरुवात मीच करते.

गणित, आठवी ते दहावी

जिओजेब्रा हे गणिताचं सॉफ्टवेअर शिकायला घेतलं ते भूमितीच्या आकृत्या फळ्यावर सुबक येत नाहीत म्हणून. मार्कुस होहेनवार्टर या ऑस्ट्रियातल्या तरुणाने साल्झबुर्ग विद्यापीठात शिकत असताना २००१ च्या सुमारास ते लिहायला घेतलं. मोफत आहे आणि एकदा इन्स्टॉल केलं की इंटरनेट लागत नाही. सुरुवातीला घरून आकृत्या काढून न्यायचे आणि दाखवायचे. मुलं बघायची, उतरवून घ्यायची, संपलं.

गंमत सुरू झाली बिंदू ओढायला लागल्यावर. त्रिकोणाचा शिरोबिंदू धरून कुठेही न्या, लघुकोन करा, विशालकोन करा, पार चपटा करा, तिन्ही मध्यगा एकाच बिंदूत भेटतात. एकदा तिन्ही कोनांची मापं पडद्यावर ठेवली होती, दोन दशांश स्थळांपर्यंत. एका मुलीने वहीत बेरीज केली आणि म्हणाली, “बाई, १८०.०१ येतंय.” वर्गात हशा. दुसऱ्याने येऊन बिंदू जरासा सरकवला, तर १७९.९९. झालं, वर्गात दोन तट पडले. एक म्हणे कॉम्प्युटर चुकतोय, दुसरा म्हणे प्रमेयच ‘साधारण’ खरं आहे. त्या तासाला नेमलेला भाग राहिला तो राहिलाच. प्रत्येक कोनाची आसन्न किंमत वेगळी घेतली जाते आणि तीन बारीक तुटी बेरजेत एकत्र येतात, हे शेवटी मुलांनीच हुडकून काढलं. आणि मग मागच्या बाकावरून प्रश्न आला: “मग नक्की १८०च, हे आपल्याला कळलं कसं?” शिरोबिंदूतून समोरच्या बाजूला समांतर रेषा काढून केलेली सिद्धता मी कित्येक वर्षं शिकवतेय. ती कुणी मागून घेतली, असं कधी झालं नव्हतं.

तेव्हापासून माझं पाठ टाचण बदललं. आधी त्यात काय दाखवायचं ते असायचं, आता काय विचारायचं ते असतं. वर्गबहुपदीच्या आलेखात मधल्या पदाचा सहगुणक स्लायडरने बदलला तर पॅराबोला नुसता डावी-उजवीकडे सरकेल, असं बहुतेकांना वाटतं. मी आधी अंदाज वहीत लिहायला लावते. मग शिरोबिंदूचा माग चालू करते. तो बिंदू स्वतःच दुसरा, उलटा पॅराबोला काढत जातो! का, ते आकडेमोडीने शोधा म्हटलं की वर्ग कामाला लागतो.

विज्ञान, नववी

वरचं ‘आधी अंदाज वहीत’ हे वाक्य मी ठळक अक्षरांत छापून स्टाफरूममध्ये लावेन. माझा सगळा बदल तेवढाच आहे म्हणा ना.

विद्युत परिपथासाठी मी फेटची (PhET) सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून बघायचे आभासी प्रयोग, वापरतो. नोबेल मिळवलेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोराडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. प्रश्न साधा असतो: एकसर जोडणीत दोन सारखे बल्ब, कोणता जास्त उजळेल? दर वर्षी निम्मा वर्ग म्हणतो, बॅटरीजवळचा. कारण काय, तर “त्याने वीज आधी वापरली, उरलेली पुढे गेली.” हा समज नुसतं सांगून जात नाही, कितीही घसा फोडा. आता आधी हात वर करून मत, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा मत, आणि त्यानंतर बल्बच्या अलीकडे-पलीकडे ॲमीटर (वीजप्रवाह मोजणारं उपकरण) लावून बघायचं. ही पद्धत माझी नव्हे. हार्वर्डचे एरिक मझूर १९९१ पासून कॉलेजच्या मुलांना अशीच शिकवत आलेत. मला त्यात सगळ्यात जड गेलं ते मधल्या वादाच्या वेळी गप्प बसणं. उत्तर ओठांवर असतं आणि शिक्षकाचं तोंड बंद राहत नाही.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. सिम्युलेशनमध्ये तार कधी सैल होत नाही. खरे दोन बल्ब जोडले की एक मिणमिणतो, एक झगझगतो, कारण कारखान्यातून आलेले दोन बल्ब तंतोतंत सारखे नसतात. त्यामुळे मी खऱ्या तारा आणि सेल आधी हातात देतो. मुलं बुचकळ्यात पडली की मग पडदा. उलट क्रम लावला तर पडद्यावर दिसतं ते खरं आणि टेबलावरचं बिघडलेलं, असा मुलांचा ग्रह होतो.

प्राथमिक, पाचवी

आमच्याकडे मुलांच्या हातात काहीच उपकरण नाही. माझा एक फोन, बस. त्यावर छापील कार्डांची युक्ती चालते. प्रत्येक मुलाकडे चौकोनी कोड छापलेलं एक कार्ड. ज्या बाजूने वर धराल ते उत्तर, अ, ब, क, ड. अक्षरं इतकी बारीक की शेजाऱ्याला दिसत नाहीत. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवते आणि कुणाचं उत्तर काय ते फक्त मला दिसतं. हात वर न करणारी मुलं एकदम बोलकी होतात, तोंड न उघडता.

पण कार्डं शिकणं दहा मिनिटांचं काम. कस लागला तो प्रश्न लिहिताना. दशांश अपूर्णांकांचा माझा आवडता प्रश्न: सर्वांत मोठी संख्या कोणती, ०.५, ०.६२ की ०.४०८? ०.४०८ म्हणणारं मूल दशांशचिन्ह विसरून ४०८ वाचतंय. ०.५ म्हणणाऱ्याचं गणित वेगळंच असतं: दशांश हा शतांशापेक्षा मोठा, म्हणून जितके अंक कमी तितकी संख्या मोठी. दोघंही चुकलेत, पण दोघांना एकच समजावणी चालणार नाही. पहिल्याला स्थानिक किंमतीचा तक्ता, दुसऱ्याला शंभर चौकटींचा कागद रंगवायला. चौथी बाजू मी ‘कळलं नाही’साठी ठेवते. सुरुवातीला ती कुणी वर धरत नसे. आता धरतात, आणि त्या बाजूला कार्डं जास्त दिसली की मी पुढे जात नाही.

आता साधी कागदी चाचणी काढतानाही हात आपोआप तसाच चालतो. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एखादा खरा गैरसमज हवा, नुसती भरती नको.

संगणक, सर्व इयत्ता (आणि प्रिंटरही मीच बघतो)

एकदा ‘तंत्रस्नेही शिक्षक’ असा शिक्का बसला की काय होतं ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. प्रोजेक्टर लागत नाही, बोलवा सरांना. कुणाचा पासवर्ड गेला, बोलवा सरांना. माझा तास चालू असताना मी दुसऱ्याच वर्गात केबल काढ-घाल करत असतो. शेवटी एक ठरवलं: केबल मी लावणार नाही, शेजारी उभा राहीन, लावायची तुम्ही. पहिल्यांदा मंडळी रुसली. आता माझ्याकडे येतात ते “या पाठाला काय करता येईल?” असं विचारायला. तेवढ्यात आम्हा दोघांचंही भलं होतं.

भाषा, नववी-दहावी

निबंध मी आता सामायिक डॉक्युमेंटमध्ये लिहून घेते. त्यात आधीच्या आवृत्त्या राहतात, कधी काय लिहिलं आणि काय खोडलं ते दिसतं. हे मला दिसतं, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगते. न सांगता डोकावणं बरं नव्हे.

एका मुलाचा निबंध ‘माणूस हा समाजशील प्राणी आहे’ने सुरू झालेला. छापील वाटावा असा. मागे जाऊन पाहिलं तर त्याने आधी लिहिलं होतं, ‘आमच्या घरात सगळ्यांत कमी बोलतात ते आजोबा, पण दार वाजलं की पहिले तेच उठतात.’ खोडलं. मग तेच जरा बदलून लिहिलं, पुन्हा खोडलं, आणि शेवटी समाजशील प्राण्यावर येऊन स्थिरावला. मी समासात एवढंच लिहिलं, “आजोबा कुठे गेले?” त्याने ते वाक्य परत आणलं आणि त्यापुढचा निबंध सगळा बदलला. कागदावरच्या पक्क्या प्रतीत हे आजोबा मला कधी भेटलेच नसते. लाल पेनाने शुद्धलेखन तपासणं अजूनही करते, पण सर्वांत शेवटी. मधल्या टप्प्यावर प्रश्न विचारायचे, हे मी इथे शिकले.

जाता जाता: बोलून टाइप करण्याच्या सोयीत विरामचिन्हं बहुतेक वेळा पडतच नाहीत. तो सलग मजकूर तसाच मुलांना द्या आणि विरामचिन्हं घालायला सांगा. स्वल्पविराम कशासाठी असतो हे व्याकरणाच्या धड्यापेक्षा लवकर पटतं.

निवृत्तीला आलेला, इतिहास-भूगोल

थोडा विरोधी सूर लावतो, चालेल ना? चित्रपट आल्यामुळे शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील, असं एडिसनने १९१३ मध्येच सांगून टाकलं होतं. पुस्तकं आहेत. पुढे रेडिओ, दूरदर्शन, प्रत्येकाच्या वेळी तीच दवंडी. प्रशिक्षणात तर हमखास तो त्रिकोण दाखवतात, वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, केलेलं ९० टक्के वगैरे. त्याचं मूळ म्हणून अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांचं नाव घेतात, आणि त्यांनी १९४६ साली अनुभवांचा शंकू मांडला हे खरं. पण त्यात टक्के नव्हतेच, ते नंतर कुणीतरी चिकटवले. गेल्या प्रशिक्षणात मी हे विचारलं. व्याख्याते म्हणाले, “पुढची स्लाइड.”

असो. मी काय घेतलं? उपग्रहचित्रं. जुन्या-नव्या चित्रांत नदीचं पात्र कसं सरकलं ते मुलांना बोटाने गिरवायला लावतो. वळणाच्या बाहेरच्या काठाची झीज आणि आतल्या काठाला संचयन, हे शब्द मग घोकावे लागत नाहीत. आणि हल्ली चॅटबॉटने लिहिलेलं एखादं उत्तर छापून आणतो. मुलांनी पाठ्यपुस्तक आणि नकाशासंग्रह घेऊन एकेक वाक्य तपासायचं: खरं, खोटं, की पुरावा सापडत नाही? तिसरा रकानाच सगळ्यांत जास्त भरतो. साधनांची पारख आधी, हे माझं जुनंच मत त्यामुळे अधिक पक्कं झालं.

विज्ञान व गणित, वर्गात एक अंध विद्यार्थी

त्याच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए आहे, हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. २००६ मध्ये मायकेल करन यांनी तो लिहायला घेतला, ते स्वतः अंध आहेत. माझ्याकडच्या साऱ्या नोट्स पुस्तकाची पानं स्कॅन करून केलेल्या होत्या. स्क्रीन रीडरच्या लेखी ते नुसतं चित्र, त्यात वाचायला काही नाही. मग नोट्स पुन्हा टाइप केल्या. मथळ्यांना नुसती ठळक अक्षरं देऊन भागत नाही, मथळ्याची शैली द्यावी लागते, तरच तो एका कळीने पुढच्या मुद्द्यावर उडी मारू शकतो. प्रत्येक आकृतीखाली वर्णन लिहायला बसले, आणि तिथे माझी खरी परीक्षा झाली. भिंगातून जाणारे किरण शब्दांत कसे सांगाल? ‘हा इथून असा जातो’ बंद. ‘मुख्य अक्षाला समांतर आलेला किरण बहिर्वक्र भिंगातून गेल्यावर पलीकडच्या नाभीतून जातो’ असं म्हणायला लागले.

आता तो खेळच झालाय. एकाने पाठ्यपुस्तकातली आकृती तोंडी सांगायची, बाकीच्यांनी न बघता काढायची. सर्वांत नेमकं वर्णन कोण करत असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल.

शिक्षक प्रशिक्षक

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये दाखवलं, की विषय येणं आणि तो विषय शिकवता येणं यांच्यामध्ये एक तिसरं, खास शिक्षकाचं ज्ञान असतं. मिश्रा आणि कोहलर यांनी २००६ मध्ये त्यात तंत्रज्ञान जोडलं. हे सगळं मी स्लाइडवर दाखवायचो आणि मंडळी जांभया द्यायची. आता प्रशिक्षणाला येताना एकच आणायला सांगतो: मुलं दर वर्षी जिथे अडतात असा एक पाठ. साधन कोणतं, ते दुपारनंतर ठरतं. काही पाठांना कोणतंच लागत नाही, आणि तसं ठरवून गेलेले शिक्षकही पुढच्या वेळी येतात.

रसायनशास्त्र, अकरावी, नोकरीत नवी

माझं सगळ्यांच्या उलट. स्लाइड, व्हिडिओ, ऑनलाइन चाचण्या हे सगळं येत होतं. फळा येत नव्हता. शेजारच्या वर्गातल्या ज्येष्ठ सरांचा तास मागे बसून पाहिला. रासायनिक समीकरण संतुलित करताना ते एक सहगुणक लिहायचे, थांबायचे, वर्गाकडे बघायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे. माझ्या स्लाइडवर संतुलित समीकरण आधीच तयार बसलेलं असायचं. मुलांना उतरवून घेण्यापलीकडे काम काय?

आता मी फोन स्टँडवर उलटा लावते, त्याचा कॅमेरा प्रोजेक्टरला जोडते आणि खाली कागदावर हाताने सोडवते. शेवटच्या बाकालाही अक्षर दिसतं, आणि पाठ न फिरवता चेहरे बघता येतात. अडखळलेला चेहरा दिसला की पेन त्या मुलाच्या हातात. सरांना हे फार आवडलं. कार्बनच्या संयुगांच्या रचना त्यांना स्वतः त्या कॅमेऱ्याखाली काढायच्या असतात, म्हणून त्यांच्या तासाला स्टँड तिकडे जातो. मी मागच्या बाकावर वही घेऊन बसते.