मधु लिमये संसदेत नेमकं काय करायचे? (धुळ्याच्या जेलमधला तो पोरगा)

पांझराकाठ
राम राम मंडळी. टी.वाय.ला आहे, राज्यशास्त्र. सेमिनारला विषय मिळालाय विरोधी पक्षाचा खासदार, आणि मी समाजवादी खासदार मधु लिमये घेतलेत. कारण साधं आहे, आमच्या धुळ्याच्या जेलमध्ये ते ऑक्टोबर १९४० पासून जवळजवळ वर्षभर होते, युद्धाच्या विरोधात प्रचार केला म्हणून इंग्रजांनी खटला न चालवताच डांबलं होतं, आणि वय तेव्हा १८, म्हणजे माझ्यापेक्षाही लहान. गावात १९३२ ची विनोबांची गीता प्रवचनं सगळ्यांना माहिती, साने गुरुजींनी ती लिहून घेतली हेही माहिती, पण लिमयांचं नाव काढलं की लोकं विचारतात कोण?

आता अडचण अशी की जिथं बघावं तिथं "थोर संसदपटू" एवढंच लिहिलेलं. थोर म्हणजे काय करायचे? भाषण भारी ठोकायचे का? यांच्या पक्षाचे मूठभर खासदार, समोर काँग्रेसचं एवढं बहुमत, मतदान झालं की हरणारच. मग एकट्या माणसाने उभं राहून फरक काय पडतो? आणि पुण्यात जन्मलेला माणूस बिहारमधून कसा काय निवडून यायचा? कोणाला माहिती असेल तर जरा सविस्तर सांगा, प्लीज.

अमळनेरकर_मास्तर
बेटा, विषय चांगला घेतलास. आधी बिहारचं सांगतो. समाजवादी चळवळीत प्रांत बघून माणूस उभा करायची पद्धत नव्हती, आणि लिमये तोवर देशभर माहिती झालेले, १९५५ ला गोव्याच्या सत्याग्रहात उतरले, पोर्तुगीजांनी मारहाण केली, १२ वर्षांची शिक्षा ठोठावली, १९ महिन्यांवर तिथल्या कैदेत काढले. पुढे १९६४ च्या पोटनिवडणुकीत मुंगेरने निवडून दिलं, १९६७ ला परत तिथूनच, आणि मग १९७३ ची पोटनिवडणूक आणि १९७७ ला बांका. चारही वेळा बिहारच.

आता मुद्द्याचं. भाषणाची मोहिनी म्हणशील तर ती त्यांच्याच काळातले समाजवादी खासदार नाथ पै यांची. लिमयांचं बळ कामकाजाच्या नियमांत होतं. बघ, खासदाराकडे मत एकच असतं पण हत्यारं बरीच असतात. तारांकित प्रश्न टाकला की मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं, त्यावर पूरक प्रश्न येतात, आणि खरी परीक्षा तिथं असते, कारण मूळ उत्तर अधिकारी लिहून देतात पण पूरक प्रश्नाला मंत्र्याला स्वतःला तोंड द्यावं लागतं. मंत्री जे बोलला ते रेकॉर्डवर जातं. महिन्याभराने तोच मंत्री दुसरं काही बोलला की जुना कागद काढायचा, आणि सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल झाली असेल तर हक्कभंगाची, म्हणजे सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग झाल्याची, नोटीस द्यायची. यात बहुमत कामाला येत नाही रे, कारण आधी निर्णय अध्यक्षांना द्यावा लागतो आणि अध्यक्षांसमोर नियम बोट ठेवून दाखवला तर त्यांनाही सहजासहजी टाळता येत नाही. लिमये हे करायचे. समाजवादी नेते राममनोहर लोहिया १९६३ ला लोकसभेत आले आणि तीन आणे विरुद्ध पंधरा आणे हा वाद त्यांनी गाजवला, गरीब माणूस दिवसाला किती पैशात जगतो यावर, तेव्हा सरकारला आकडे काढून उत्तर द्यावं लागलं. मी तर म्हणेन त्या वळणाला नियमांची शिस्त लावली ती लिमयांनी.

तापीकाठचा
मास्तर, एक उदाहरण द्या ना, त्याच्याशिवाय पोराच्या डोक्यात बसणार नाही.

अमळनेरकर_मास्तर
देतो. १९७४ चं तुलमोहन राम या काँग्रेस खासदाराचं प्रकरण. पाँडिचेरीच्या काही व्यापाऱ्यांना आयात परवाने द्या असं निवेदन गेलं, त्यावर २१ खासदारांच्या सह्या, आणि नंतर बोभाटा झाला की बहुतेक सह्या खोट्या. आता नुसता भ्रष्टाचार म्हटलं असतं तर सरकार म्हणालं असतं तपास चालू आहे, विषय संपला. पण खासदारांच्या खोट्या सह्या म्हणजे हा सभागृहाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न झाला, आणि विरोधकांनी तिथंच पकडलं, सीबीआयचा अहवाल पटलावर ठेवा म्हणून पाठ सोडली नाही, लिमये त्यात सगळ्यात पुढे. परवान्याचा घोटाळा कोर्टात जाऊन पडायचा तो लोकसभेत दिवसच्या दिवस गाजला. हरणाऱ्या बाजूचा माणूस काय करू शकतो ते यात दिसतं.

जळगावचा_वकील
माझेही दोन पैसे टाकतो, कारण आम्ही लॉ कॉलेजला हे नाव संसदेमुळे नाही तर केस लॉमुळे शिकलो. नोव्हेंबर १९६८ ला बिहारमध्ये लखीसराय स्टेशनवर त्यांना अटक झाली, अटकेचं कारण सांगितलं नाही, त्यांनी सुप्रीम कोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे बेकायदा अटकेतून सुटकेची याचिका, केली आणि कोर्टाने सोडायचा आदेश दिला, घटनेच्या कलम २२(१) प्रमाणे कारण सांगणं बंधनकारक आहे म्हणून. मग जमावबंदीच्या १४४ कलमाला आव्हान दिलं, तिथं १९७० ला हरले, कलम वैध ठरलं. आणि १९७७ चा मधु लिमये विरुद्ध महाराष्ट्र सरकार तर आम्ही आजही दाखवतो, हायकोर्टाच्या अंगभूत अधिकाराची याचिका म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४८२, आता नव्या संहितेत, बीएनएसएसमध्ये, ५२८, त्यात हा निकाल असतोच. सेमिनारमध्ये हे टाकच भो, सभागृहात आणि कोर्टात माणूस एकाच पद्धतीने लढत होता, कायद्याचं पुस्तक हातात धरून.

भुसावळ_जंक्शन
लिमयांवर बोलताय तर दुसऱ्या मधुंना विसरू नका, दंडवते. आमच्या रेल्वे कॉलनीत आजही त्यांचं नाव आदराने घेतात. मे १९७४ च्या संपात ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांना १९७७ ला रेल्वेमंत्री झाल्यावर याच माणसाने परत घेतलं, घरं वाचली हो लोकांची. सेकंड क्लासच्या लाकडी बर्थवर फोम त्यांच्या काळात आला. आणि डिसेंबर १९७७ ची गीतांजली एक्स्प्रेस, सुरू झाली तेव्हा फर्स्ट क्लास नसलेली, सगळे डबे सेकंडचे, ती आपल्या भुसावळवरूनच हावड्याला जाते. प्रोफेसर माणूस, फिजिक्सचा, राजापूरमधून सलग पाचदा निवडून आला. पोरा, सेमिनारला दोघं मधु शेजारी ठेव, एकाने मंत्रिपद घेऊन काम दाखवलं, दुसऱ्याने १९७७ ला मंत्रिपद घेतलंच नाही.

तापीकाठचा
दंडवत्यांबद्दल वाद नाही. पण लिमयांची एक गोष्ट मला पटत नाही. आणीबाणीत त्यांनी आणि शरद यादवांनी खासदारकीचा राजीनामा दिला. ज्या माणसाचं सगळं बळ सभागृहात, त्याने सभागृहच सोडायचं? लोकांनी निवडून दिलं ते भांडायला ना?

जळगावचा_वकील
दादा, भांडणार कुठून, ते जेलमध्ये होते, मिसा म्हणजे खटल्याविना डांबायच्या कायद्याखाली, जुलै १९७५ पासून. आणि कारण बघा ना. पाचव्या लोकसभेची पाच वर्षं मार्च १९७६ ला संपत होती, सरकारने कायदा करून मुदत एक वर्षाने वाढवली. आणीबाणीत तसं करायची घटनेत सोय आहे, कलम ८३, म्हणजे बेकायदा नव्हतं. लिमयांचं म्हणणं वेगळं होतं, मतदारांनी पाच वर्षांसाठी पाठवलं, पुढचा दिवस आपला नाही. इतरांनी निषेध केला पण खुर्ची ठेवली, यांनी सोडली. नंतर खासदारकीची पेन्शनही घेतली नाही आणि स्वातंत्र्यसैनिकाचीही नाही. मला तरी हे त्यांच्या सगळ्या भाषणांपेक्षा मोठं वाटतं.

तापीकाठचा
पेन्शनचं माहिती नव्हतं. मान्य, पण आत एक आवाज कमी झाला हे माझं म्हणणं कायम आहे.

पांझराकाठ
सगळ्यांचे खूप आभार, खरंच. तापीकाठचा दादांचा आक्षेप पण सेमिनारमध्ये घेतो, सर हाच प्रश्न विचारतील. मास्तर, पक्षांतर बंदीवर पण त्यांनी काही लिहिलंय का? आणि मूळ भाषणं कुठं मिळतील?

अमळनेरकर_मास्तर
१९८५ चा कायदा झाला तेव्हा ते संसदेत नव्हते, पण विरोध केला. एकटा फुटला तर अपात्र आणि एक तृतीयांश मिळून फुटले तर चालतं, हा कसला न्याय असं त्यांचं म्हणणं. ती एक तृतीयांशची पळवाट २००३ च्या घटनादुरुस्तीने काढली, दोन तृतीयांश मिळून दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर चालतं, ही मात्र राहिली. महाराष्ट्रात राहणाऱ्याला यावर अजून काय सांगू.

भाषणं संसदेच्या डिजिटल लायब्ररीत फुकट आहेत, सदस्याच्या नावाने शोध. हिंदीत बोललेलं देवनागरीतच छापलंय, त्यामुळे वाचायला जड जाणार नाही. १९७४ चं पावसाळी आणि हिवाळी अधिवेशन आधी काढ, आणि फक्त त्यांचं भाषण नको वाचू, मध्येमध्ये अध्यक्ष काय म्हणतात आणि मंत्री कुठं अडखळतात तेही बघ. अडलं तर इथंच टाक.