2035 ला हिमालयातला बर्फ संपणार होता म्हणे, हे खरंय का?

पावशेर:
आमचे काका रिटायर्ड इंजिनियर. फॅमिली ग्रुपवर क्लायमेट चेंजचं काही टाकलं की त्यांचं ठरलेलं, "2035 पर्यंत हिमनद्या गायब होणार म्हणाले होते ना तुमचे सायंटिस्ट? ते थापा निघाल्या, मग बाकीचं खरं कशावरून?" वर मलाच सांगतात जरा मन मोकळं ठेव. असं खरंच झालं होतं का? गणपतीला त्यांच्याकडेच जायचंय, भांडण नकोय 😅

चहाबाज:
झालं होतं. काका तेवढ्यापुरते बरोबर आहेत, आधी ते कबूल करून टाक. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची समिती) 2007 च्या अहवालात आशियाच्या प्रकरणात ते वाक्य होतं आणि ते संशोधनातून आलेलंच नव्हतं, डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्ग वाचवणाऱ्या संस्थेच्या रिपोर्टमधून उचललेलं, तिथे ते मासिकातल्या बातमीवरून आलेलं. गंमत म्हणजे त्याच भागात हिमालयातल्या हिमनद्या 30 लाख हेक्टर म्हणजे 30 हजार चौ. किमी. लिहिल्यात आणि जरा पुढे त्याच 5 लाख चौ. किमी. वरून 1 लाखावर येणार म्हणे! शाळेतल्या पोरानेही पकडलं असतं. शेवटी हिमनद्यांवर काम करणाऱ्यांनीच ते उघडं पाडलं आणि जानेवारी 2010 मध्ये आयपीसीसीने चूक मान्य केली.

उनाडपाऊस:
सुखासुखी नाही केली हं. 2009 ला जीएसआयचे (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) माजी अधिकारी व्ही. के. रैना यांचा, हिमनद्या काही विलक्षण वेगाने आटत नाहीत म्हणणारा रिपोर्ट आला, जयराम रमेश पर्यावरण मंत्री होते तेव्हा. तर आयपीसीसीचे अध्यक्ष पचौरी त्याला 'वूडू सायन्स' म्हणाले. असा तोरा दाखवला की लोक उखडणारच, काकांना एकट्यांना कशाला नावं ठेवायची.

चहाबाज:
पचौरी चुकलेच, वाद नाही. पण तारीख चुकली म्हणून बर्फ वितळायचा थांबला का? काठमांडूच्या इसिमोड (ICIMOD) या पर्वतांवर काम करणाऱ्या संस्थेचा 2023 चा रिपोर्ट बघ, हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्या 2011 ते 2020 मध्ये आधीच्या दशकापेक्षा 65 टक्के जास्त वेगाने घटल्यात.

खडूफळा:
मोकळं मन म्हणजे काय ते अमेरिकेतल्या बर्कलीच्या रिचर्ड मुलरकडे बघा. फिजिक्सचा प्रोफेसर, तापमानाच्या आकड्यांवर ह्याचा भरवसा नव्हता, म्हणून टीम जमवून सगळं नव्याने मोजलं. पैसे देणाऱ्यांत तेल उद्योगपती चार्ल्स कोकचं (Koch) फाउंडेशनही होतं. 2012 ला म्हणाला माझं मत बदललं, 250 वर्षांत जमीन दीड अंशाने तापलीय आणि कारण माणूसच. उलट अँथनी वॉट्स नावाचा, हवामान बदलावर शंका घेणारा ब्लॉगवाला, मार्च 2011 ला म्हणाला मुलरच्या टीमचा निकाल माझ्या विरोधात गेला तरी मानेन, आणि ऑक्टोबरमध्ये निकाल आल्यावर पद्धतीतच खोट काढत बसला. काकांना एवढंच विचार, काय दाखवलं तर तुम्ही मत बदलाल? पण आधी विचार, आकडे नंतर दे.

पावशेर:
अरे तुझं वाचायच्या आधीच सगळं पाठवून बसलो 🤦 हेक्टरचा हिशोब बघून काका जाम खूश, कॅल्क्युलेटरवर करून फोटोसुद्धा टाकला, "बघ, मी म्हणत होतो." 65 टक्केवाल्याला कालपासून नुसती निळी टिक.