जकात, सदका, लिल्लाह : तिन्हींना ‘दान’ चालेल?

प्रश्न : तुर्कस्तान-सीरियातल्या ६ फेब्रुवारी २०२३च्या भूकंपानंतर मुस्लिम मदतसंस्थांनी काढलेल्या आवाहनांत ‘जकात’, ‘सदका’, ‘लिल्लाह’ असे वेगळे रकाने दिसतात. मराठीत सरसकट ‘दान’ लिहिलं तर? ‘जकात’ ठेवली की नाका आठवतो.

उत्तर १ : आठवणारच. मुंबईतली जकात १ जुलै २०१७ला जीएसटी येताच गेली, बोलण्यातून गेली नाही. शब्द मुळात एकच. अरबीत त्यात शुद्धी आणि वाढ असे दोन्ही अर्थ आहेत. फरक क्रियापदात दिसतो : नाक्यावरची जकात ‘भरतात’, ही ‘काढतात’. ‘दान’ मात्र नको. दान ऐच्छिक, जकात फर्ज, म्हणजे धर्माने बंधनकारक. निसाब, म्हणजे साडेबावन्न तोळे चांदीइतकी शिल्लक, असेल तर चांद्रवर्षाला अडीच टक्के. एक लाखावर २,५००. हिशेब इंग्रजी वर्षाने धरला तर ११ दिवस वाढतात, म्हणून दर २.५७७ टक्के धरतात.

उत्तर २ : खरी गोची ‘तमलीक’ची, म्हणजे मालकी देण्याची. हनफी (सुन्नी मुस्लिमांतला एक विधिपंथ) मतानुसार जकातीची वस्तू गरजूच्या मालकीची व्हायला हवी. तंबू कायमचा देऊन टाकला तर जकात पोचली. छावणीचा तंबू वापरून परत घ्यायचा असेल तर नाही. ढिगारा उपसणाऱ्या यंत्राचं भाडं, कफन, मशिदीची डागडुजी यांनाही जकात लागत नाही, तो खर्च सदका-लिल्लाह या ऐच्छिक देणग्यांमधून. तिन्ही रकाने ‘दान’ केले की हे पैसे एकाच पेटीत पडतात, आणि देणाऱ्याची जकात अदा झाली की नाही हे कोणालाच सांगता येत नाही.

उत्तर ३ : ‘भूकंपग्रस्तांसाठी जकात’ हेही सैल आहे. ग्रस्त म्हणजे आपोआप हकदार नव्हे. ज्याच्याकडे निसाब शाबूत आहे तो घर पडूनही बाहेर राहतो. उलट, सोनं ढिगाऱ्याखाली आणि हातात काही नाही, अशा माणसाला वाटेत अडकलेल्या मुसाफिरासारखं धरून गरजेपुरतं देता येतं. ‘गरजू भूकंपग्रस्त’ लिहा.

उत्तर ४ : ‘खैरात’ चुकूनही नको. अरबीत ती सत्कृत्यं, पण मराठीत ‘सवलतींची खैरात’ म्हटलं की उधळपट्टी! फित्राही फेब्रुवारीच्या आवाहनात बसत नाही. तो रमजानअखेरीस, ईदच्या नमाजाआधी, माणशी साधारण पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत. त्या वर्षीचा रमजान भूकंपानंतर दीड महिन्याने लागला. निसाब असणाऱ्याने जकात आगाऊ काढली तर मात्र चालते.

प्रश्न : आणि ‘लिल्लाह’ला ‘बिनअट निधी’?

उत्तर २ : फार कोरडं होतं. शब्दशः ‘अल्लाहसाठी’, घाट आपल्या ‘कृष्णार्पण’चाच. रकान्यात ‘लिल्लाह’च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे शेजारी ‘ऐच्छिक देणगी’ लिहा. सदकाही ऐच्छिकच, पण ‘सदका उतरवणं’ (संकट टळावं म्हणून ओवाळून देणं) कानावर असल्याने वाचक तिथे फारसा अडत नाही.