'गलत काम' हे जबाबात कसं लिहायचं?

वणीवाली: गावातल्या एका बाईसंग ठाण्यात गेल्ती. ती म्हणे, "त्यानं माह्यासंग गलत काम केलं." जबाब लिहिणाऱ्यानं लिवलं 'छेडखानी'. मी म्हटलं असं नाही, तर म्हणे मग शुद्ध मराठीत सांगा काय लिहू. आता आपल्याकडं गलत काम म्हणजे काय ते सगळ्याइले समजते, पण याले नीट शब्द कोणता?

निवृत्त गुरुजी: बलात्कार. बलात् म्हणजे बळाने. मूळ संस्कृतात नुसती जबरदस्ती, बाकीचा अर्थ मागून चिकटला. 'गलत' अरबी, हिंदीतून घुसलेला, सरकारी कागदावर नकोच.

झाडीपट्टी: गुरुजी, 'कागद' तरी आपला कुठं हो? आन् 'जबाब'? शब्द कसा नडतो ते आमच्या वडसा-देसाईगंजले विचारा. १९७२ मध्ये तिथल्या ठाण्यातच पोरीवर अत्याचार झाला, अंगावर खुणा नाहीत म्हणून सुप्रीम कोर्टानं 'संमती' धरली आन् पोलीस सुटले. मंग देशभर बोंब झाली, १९८३ साली कायदा बदलला.

वकील अमरावती: ताई, शब्द शोधूच नका. ती जे बोलली तेच लिहायचं असते, 'गलत काम'सुद्धा, आन् पुढं काय काय केलं ते तिच्याच बोलीत. लिहून घेणारी महिला अधिकारीच पाहिजे. विनयभंगाचं कलम वेगळं, बलात्काराचं वेगळं, शिक्षेत लय फरक आहे. बोट घातलं, वस्तू घातली तरी बलात्कारच होते, २०१३ पासून. आन् सही करायच्या आधी वाचून घ्या, एफआयआरची नक्कल फुकट भेटते.

निवृत्त गुरुजी: 'अतिप्रसंग' हा सभ्य शब्द मराठीत असताना...

वणीवाली: त्यातून काय झालं ते कोणाले समजन?

सिस्टर पीएचसी: भांडा तुम्ही निवांत, ती बाई दवाखान्यात गेली का? दिवस राहू नये म्हणून गोळी आन् एचआयव्हीची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करा लागते, जितकं लवकर तितकं बरं. तक्रार केली नसली तरी इलाज होते, सरकारी-खासगी दोन्हीकडं फुकट. आंघोळ केली असन तरी जावं. अंगावरचे कपडे धुवू नका, पन्नीत तर भरूच नका, दमट होऊन सडते, कागदी पिशवीत ठेवा. अन् कोणी दोन बोटांची तपासणी (योनीत बोटं घालून आधी संबंध आले का ते पाहाची) कराले लागलं तर सरळ नाही म्हणा, सुप्रीम कोर्टानं २०२२ ले सांगितलं का ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी. ठाणं हद्द सांगत असन तर झिरो एफआयआर मागा, म्हंजे हद्द कोणाचीही असो, तिथंच तक्रार नोंदवाची. तातडीचा फोन ११२ हाय, बायांच्या मदतीचा १८१ हाय, जिल्ह्याच्या गावी अशा बायांच्या मदतीचं सरकारी सखी सेंटर हाय.

पुणेकर: उपयुक्त माहिती. पण 'पन्नी' म्हणजे काय?

झाडीपट्टी: प्लास्टिकची पिशवी बापा! तुम्ही काय म्हणता?

पुणेकर: कॅरीबॅग.

निवृत्त गुरुजी: पन्नी हा 'पर्ण'वरून आला असावा असं मला वाटतं. पर्ण, पन्न, पन्नी.

वकील अमरावती: पर्णाचं पान झालं ना गुरुजी. पन्नी हिंदीतली हाय.